भगत सिस्टर आणि माझं मॅग्नेशियम

मॅग्नेशियम हे खरं म्हणजे माझं. घाटंजीत दुसऱ्या कोणी त्यावर हक्क सांगेल असं मला कधी वाटलं नव्हतं. कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी अकरावीच्या वर्गापुढे चिमट्यात मॅग्नेशियमची फीत धरून पेटवली. डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा, मागच्या बाकावरचे जागे व्हायचे, आणि मी संथपणे सांगायचो की याकडे थेट बघू नका. पुढे तहसील कचेरीत, बँकेत, कापसाच्या जिनिंगमध्ये कुठेही जुना विद्यार्थी भेटला की म्हणायचा, "सर, ती फीत जाळलेली अजून आठवते." बाकी त्याला काहीही आठवत नसायचं. एवढं आठवतं यावर मी समाधानी होतो.

मग भगत सिस्टर निवृत्त होऊन आमच्या गल्लीत राहायला आल्या. वर्षभरात गावाचं मॅग्नेशियम त्यांचं झालं, आणि त्यानंतर सहा महिन्यांत माझी बायकोही.

त्यांचं नाव वच्छला भगत. ते नाव मतदार यादीपलीकडे कुणी वापरलेलं मी ऐकलं नाही. ठेंगण्या, रुंद बांध्याच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि डाव्या मनगटावर आतल्या बाजूला फिरवलेलं घड्याळ. मुकुटबनकडच्या आरोग्य केंद्रांत त्यांचं उभं आयुष्य बाळंतपणं करण्यात गेलं होतं. आपण बोलत असलो की त्या आपल्या छातीकडे एकटक बघत आणि मध्येच घड्याळावर नजर टाकत. पहिल्या भेटीत मी त्यांना मॅग्नेशियमविषयी बरंच काही सांगितलं. त्या फार लक्ष देऊन ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "सर, तुमचा श्वास जोरात चालून राह्यला. जिना चढून आले का?" त्या श्वास मोजत होत्या. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या एकाग्रतेने मला कुणी ऐकलं नव्हतं, आणि जिने ऐकलं असं वाटलं तिनेही ऐकलं नव्हतं.

त्यांच्या ओट्यावर दुपारी तीन ते पाच चार-पाच प्लॅस्टिकची घमेली मांडलेली असत. घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात मूठभर मॅग्नेशियमचं मीठ, आणि त्यात पाय सोडून बसलेल्या बायका. कापूस वेचून कंबर मोडलेल्या, गुडघे धरलेल्या, खांदे उतरलेल्या. आपलं मीठ आपण आणायचं, आणि तेही औषधाच्या दुकानातलं. आमच्याकडे कपाशीची पानं लाल पडली, म्हणजे लाल्या आला, की शेतकरी कृषी केंद्रातून हेच मॅग्नेशियम सल्फेट आणून फवारतात. ते घरी पडलेलंच असतं, म्हणून कुणी तेच पुडीत बांधून आणायची. सिस्टर पुडी उघडून नुसत्या बघत आणि परत बांधत. "कपाशीचं कपाशीले ठेव, माय. तू का कपाशी हायेस?"

घमेल्यात पाय टाकण्याआधी तीन गोष्टी व्हायच्या. सिस्टर समोर बसून तळहाताच्या कडेने गुडघ्याखाली एक टोला मारत. पाय उडाला की मान डोलावत. मग घड्याळाकडे बघत श्वास मोजत. आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "लघवी नीट होते ना?"

याचं कारण मला नंतर कळलं. बाळंतिणीला झटके येऊ लागले की मॅग्नेशियमचं इंजेक्शन देतात. पण ते अंगात जास्त झालं तर आधी गुडघा गप्प होतो, मग श्वास. आणि मूत्रपिंड नीट चालत नसेल तर ते बाहेर पडत नाही, साचतं. म्हणून दर सुईआधी हे तीन प्रश्न. सिस्टरांनी ते इतकी वर्षं विचारले होते की आता मीठ पाण्यात पडणार असलं, अंगात जाणार नसलं, तरी ते सुटत नव्हते. गावाला मात्र वाटायचं की तो टोला हाच इलाज. कुणी कुणी नुसता टोला घेऊन घरी जायची आणि बरं वाटलं म्हणून सांगायची.

एकदा आमच्या भागातले एक पुढारी गुडघ्याचं दुखणं घेऊन तिथे आले. पांढरी गाडी, मागे दोन मोटारसायकली, चार कार्यकर्ते, त्यातल्या एकाच्या हातात शाल-श्रीफळ. सत्कारही करायचा आणि पायही शेकून घ्यायचे, असा एका फेरीतला बेत असावा. सिस्टरांनी त्यांना शेवटच्या घमेल्याजवळ बसवलं, पायजमा वर करायला लावला, टोला मारला, श्वास मोजले. मग विचारलं, "लघवी नीट होते ना?"

साहेबांनी कार्यकर्त्यांकडे बघितलं. कार्यकर्त्यांनी गाडीकडे बघितलं.

"आपण आत बोलू," साहेब हळूच म्हणाले.

"आत कायले? ह्या साऱ्या बायांनी इथंच सांगतलं. होते का नाई?"

"होते."

"धार बारीक हाय का?"

शाल-श्रीफळ गाडीत परत गेलं. साहेब वीस मिनिटं पाय पाण्यात ठेवून निमूट बसले आणि शेजारच्या बाईने त्यांना तिच्या घरकुलाच्या अर्जाचं काय झालं ते विचारलं. पाय पाण्यात असलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. मोठेपणाचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. तो मोठेपणा उतरवण्यासाठी मी आयुष्यभर टोमणे घासून धारदार केले, आणि या बाईने ते काम एका लघवीत केलं. मी ओट्याच्या कडेला उभा होतो. त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे वाक्य मला का सुचलं नाही.

ओट्यावर आणखी एक नियम होता. पाय पाण्यात असताना कुणाच्या हाकेला ओ द्यायची नाही. तांड्यावरच्या शेवंताबाई तिथे रोज यायच्या. त्या सिस्टरांना 'याडी' म्हणायच्या, म्हणजे आई; वयाने त्या स्वतःच चार वर्षांनी मोठ्या असतील. एकदा त्यांचा नवरा शोधत आला.

"शेवंते, चाल घरी. पाहुणे आले."

शेवंताबाई उठायला लागल्या. सिस्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तिचे पाय भिजून राह्यले. पाहुण्याले तुमी चहा द्या."

"मले नाई येत चहा."

"सांगतो ना मी," सिस्टर म्हणाल्या. "पाणी ठेवा. उकळलं का साखर टाका, पत्ती टाका, मंग दूध. उतू गेला तं पुसून घ्या. आणखी काही?"

तो जागचा हलला नाही. सगळ्या बायका पाण्यात पाय सोडून त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी तो गेला. "उतू जाईन त्याच्याच्यानं," शेवंताबाई म्हणाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे, शेगडी काही तुले हाक मारत नाई," आणि तो ओटा इतका हसला की घमेल्यांतलं पाणी सांडलं.

मी वाचणारा माणूस आहे. दुखण्यावर मॅग्नेशियम किती चालतं याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. पोटातून घेतलेल्याचा काहींना काही दुखण्यांत थोडा उपयोग होत असावा, खात्री कुणालाच नाही. कातडीतून ते आत जातं याला तर धड पुरावाच नाही. मी स्थानिक साप्ताहिकात 'मॅग्नेशियम : समज आणि गैरसमज' असा लेख लिहिला. नाव घेतलं नाही, पण ओटा ओळखू येईल असा लिहिला. लेख गाजला. बाजारात तिघांनी थांबवून अभिनंदन केलं, आणि तिघांनीही विचारलं की त्या बाईचं घर नेमकं कुठे. पुढच्या आठवड्यात सिस्टरांना आणखी दोन घमेली आणावी लागली.

इथे उषाविषयी सांगायला हवं. उषा माझी बायको. बालवाडी चालवायची. दहा वर्षांपासून तिचं अंग दुखत होतं. आज खांदा, उद्या कंबर, परवा पायाच्या पोटऱ्या. सूज नाही, ताप नाही, क्ष-किरणात काही नाही. यवतमाळला दाखवलं, नागपूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी आजाराला एक लांबलचक नाव दिलं आणि म्हणाले की याला इलाज नाही, याच्यासोबत राहायला शिका. बालवाडी सुटली. मी तिची फाइल केली. सगळे कागद तारखेप्रमाणे, निळ्या चिठ्ठ्या रक्ताच्या, पिवळ्या चिठ्ठ्या क्ष-किरणांच्या फोटोंच्या. तिच्या दुखण्याच्या गोळ्या मी स्वतः आणायचो आणि जेवणानंतर स्वतः हातावर ठेवायचो. दहा वर्षांत एक दिवस चुकलो नाही. तिच्या दुखण्याबद्दल माझ्याइतकी माहिती जगात कुणाला नाही, अशी माझी समजूत होती.

ती सिस्टरांकडे जायचं म्हणाली तेव्हा मी फाइल घेऊन सोबत गेलो. सिस्टरांनी फाइल घेतली, दोन हातांनी, आदराने, आणि बाजूच्या स्टुलावर ठेवली. उघडली नाही.

"उषाताई, सकाळी उठल्यावर पयले काय दुखते?"

उषा बोलायला लागली. मी तिथेच होतो. केस विंचरताना हात वर जात नाही म्हणून ती भिंतीला कोपर टेकवून विंचरते. कुकरचं झाकण लावता येत नाही म्हणून शेजारच्या सुनेला हाक मारते, मी वाचत बसलेला असतो तेव्हा. चादर झटकताना कळ येते म्हणून तिने चादरी झटकणंच सोडलं. यातलं काहीच फाइलमध्ये नव्हतं. चादरींबद्दल तर मी तिला दोनदा बोललो होतो.

"घरी सांगतलं नाई?" सिस्टरांनी विचारलं.

"ते लगेच लिहून घेतात," उषा म्हणाली.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. महिन्याभरात तिचं चालणं सैल झालं. एकदा स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं, तर मला आधी रेडिओ वाटला. मी आनंदी व्हायला हवं होतं आणि थोडा झालोही. पण ज्या दिवशी तिने 'सिस्टर' सोडून 'ताई' म्हणायला सुरुवात केली, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळचा पेपर वाचता वाचता ती म्हणायची, "हे ताईंना सांगितलं पाहिजे." पेपर माझ्याच हातात असायचा.

मग मी घरी घमेलं मांडलं. पाण्याचं तापमान थर्मामीटरने मोजलं, मीठ तराजूत तोललं, पाय बुडवल्यावर पाणी किती वर येईल त्याचाही हिशेब केला. उषा बसली. मी समोर खुर्ची घेऊन तिला समजावून सांगू लागलो की या द्रावणात नेमकं काय घडतं. दहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "झालं का?"

"वीस मिनिटं."

"तुमचं बोलणं झालं का, विचारते आहे."

तो प्रयोग तिथेच संपला. मी मात्र संपलो नव्हतो. कातडीतून काही जात नाही, जायचं तर पोटातून, हे मला ठाऊक होतं. म्हणजे सिस्टरांनी अर्धवट ठेवलेलं काम पुरं करणं माझ्या हातात होतं. मी मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरला विचारलं नाही. मॅग्नेशियमबद्दल मी कुणाला काय विचारायचं? उषाला म्हणालो, "हे घे, पण ओट्यावर बोलू नकोस."

"का?"

"फरक कशाने पडतो ते मला बघायचं आहे."

तिने माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि गोळी घेतली. मला बरं वाटावं म्हणून घेतली, हे तिने पुढे दवाखान्यात सांगितलं.

तीन आठवड्यांत फरक पडला. तिला झोप येऊ लागली. दुपारीही, जेवतानाही. दहा वर्षं जी कूस बदलत राहायची ती आता पडल्या पडल्या झोपायची. मला झालेला आनंद मी लपवू शकलो नाही. गोळ्या वाढवल्या.

एका बुधवारी साडेतीनच्या सुमाराला शेवंताबाई ओल्या पायांनी आमच्या दारात आल्या. "सर, चाला. तुमच्या बाई नीट बोलत नाई."

उषा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. पाय कोरडे. सिस्टरांनी तिला पाण्यापर्यंत जाऊच दिलं नव्हतं. माझ्यासमोर त्यांनी तिच्या उजव्या गुडघ्याखाली पुन्हा टोला मारला. पाय हलला नाही. डाव्या. तोही नाही. सिस्टर माझ्याकडे वळल्या.

"घरी काय घेतात ह्या?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं कायकाय?"

मला त्या वेळीसुद्धा लपवावंसं वाटलं. ते वाटणं मला अजून आठवतं. मग मी सांगितलं, मॅग्नेशियमच्या गोळ्या.

"किती?"

सांगितलं.

"आणखी काय?"

"आणखी काही नाही. मी हिशेब करून दिलं आहे."

उषा डोळे अर्धवट मिटून, जड जिभेने म्हणाली, "ते पांढरं... पोट साफ व्हायचं."

बद्धकोष्ठासाठी ती वर्षानुवर्षं रोज एक पांढरं, दुधासारखं औषध घ्यायची. बाटली न्हाणीघराच्या फळीवर असायची. त्या बाटलीत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असतं. त्याचं सूत्र मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं, परीक्षेत विचारलं होतं, चुकलेल्यांना उभं केलं होतं. माझ्या हिशेबात ती बाटली नव्हती.

सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी ऑटो बोलावला, उषाला स्वतःच्या अंगावर घेऊन बसल्या आणि दवाखान्यापर्यंत तिच्या छातीवरून आणि घड्याळावरून नजर हलवली नाही. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होता. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "गुडघे गप्प हायेत, श्वास कमी होऊन राह्यला. मॅग्नेशियम पोटात गेलं. उताऱ्याले कॅल्शियम हाय ना तुमच्यापाशी? काढा लवकर." त्याने प्रश्न न विचारता कपाट उघडलं. त्याच संध्याकाळी आम्ही यवतमाळला होतो.

तिथे कळलं की उषाची मूत्रपिंडं बरीच खराब झालेली होती. अशा माणसाच्या अंगातून मॅग्नेशियम निघत नाही, साचत जातं. आणि ती खराब झाली होती वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी. ज्या मी आणत होतो. ज्या मी हातावर ठेवत होतो. निळ्या चिठ्ठ्यांमधल्या शेवटच्या दोन कागदांवर मूत्रपिंडाचा आकडा वाढताना दिसत होता. कागद मी तारखेप्रमाणे लावले होते. वाचले नव्हते.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "हे इतकं मॅग्नेशियम कुणी दिलं?"

मी तोंड उघडलं, पण सिस्टर आधी बोलल्या. "घरच्यांनी देल्लं, साहेब. त्यायले काही माहीत नवतं."

मला वाचवायला म्हणाल्या, हे मला कळत होतं. पण रसायनशास्त्राच्या माणसाला मॅग्नेशियमबद्दल काही माहीत नव्हतं, हे वाक्य मी खाली मान घालून ऐकलं, आणि ते खरं होतं. उषाचा श्वास अजून मोजला जात होता आणि मला त्या बाईचा हेवा वाटत होता. इतका की मी स्वतःलाच घाबरलो.

उषा वाचली. दहा दिवसांनी घरी आली. पथ्य आलं, दुखण्याच्या गोळ्या कायमच्या गेल्या, पांढरी बाटली गेली. ओट्यावर सिस्टरांनी तिला सांगितलं, "तुमच्यासाठी मीठ बंद, उषाताई. काही नेम नाई. साधं गरम पाणी." ती साध्या पाण्यात पाय सोडून बसू लागली. मी आठवडा मोजला, दोन मोजले, महिना मोजला. तिचं चालणं सैलच राहिलं. दुखणं होतं, पण मिठाच्या दिवसांत होतं तितकंच कमी.

म्हणजे माझा लेख बरोबर होता. मी तेवढ्यासाठी ओट्यावर गेलो. बायका उठून गेल्या होत्या आणि सिस्टर घमेली उपडी करत होत्या.

"सिस्टर, मीठ काही करत नव्हतंच तर."

"करत असन थोडंफार. मले का माहीत?"

"मग इतके दिवस टाकायला का लावलंत?"

"सर, बायायले नुसतं बसा म्हटलं तं बसत नाईत. दवा हाय म्हटलं का बसतात. अन् घरचेही बसू देतात." त्यांनी शेवटचं घमेलं भिंतीला टेकवलं. "तुमचा लेख वाचला व्हता मी. बरोबर लिवला व्हता."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तुमी कुठी इचारलं? तुमी तं सांगून राह्यलते."

मी जिंकलो होतो. हे सांगायला घरी गेलो, तर उषा म्हणाली, "मिठाचं ताईंनी मला पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं."

पुढच्या उन्हाळ्यात सिस्टरांची स्वतःची पाठ आणि पाय गेले. उभं आयुष्य बाळंतिणींच्या खाटांवर वाकण्यात गेलेलं. दुखणं जुनंच होतं, फक्त त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांची मुलगी वणीजवळ राजूरला असते, जावई कोळसा खाणीत. ती येऊन आईला घेऊन गेली. ओट्यावर काही दिवस बायका नुसत्याच येऊन बसल्या, मग यायच्या थांबल्या. उषाचा फोन रोज चालू राहिला. मी बाहेर गेलो की ती लावायची, किंवा ती लावायची म्हणून मी बाहेर जायचो.

ऑक्टोबरात ती म्हणाली, "मी राजूरला जाऊन येते." एकटीने बसचा प्रवास तिला झेपणार नव्हता. मी पिशवी धरायला गेलो.

राजूरच्या त्या वस्तीत सगळ्यावर काळी भुकटी बसलेली असते, तुळशीच्या पानांवरसुद्धा. ताडपत्र्या बांधलेले ट्रक जात होते. सिस्टरांच्या मुलीने दार उघडलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आईच्या पायाले हात नका लावजा. जराही सहन होत नाई तिले. डॉक्टर म्हणे नस दबली."

सिस्टर खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अंबाडा नव्हता, केस कापले होते. त्यांनी उषाला पाहिलं आणि हात पसरला. मला म्हणाल्या, "या सर. बरे हा ना?" उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत, कारण उषा रडायला लागली होती आणि मग दोघी हसायला लागल्या होत्या. कशावर, ते मला कळलं नाही. मी पाणी प्यायलो. मुलीने चहा दिला. आमची वणीहून चारची बस होती, म्हणून मी बाहेर जाऊन ऑटो बघून येतो म्हणालो. कुणी नको म्हटलं नाही.

चौकापर्यंत जाऊन ऑटो घेऊन यायला मला पाऊण तास लागला. त्याला दारात थांबवून मी आत गेलो. मुलगी कुठे दिसली नाही. खोलीत पंखा फिरत होता.

उषा जमिनीवर बसल्या बसल्या झोपली होती. बोलता बोलता कलंडली असावी. तिचं डोकं सिस्टरांच्या पायांवर होतं, नडग्यांवर, पुरं वजन टाकून. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेवरून खाली सुटलेला. ते औषधाचं गुंगलेपण नव्हतं. ते मी घरात रोज बघितलं होतं आणि त्यावर खूश झालो होतो. ही झोप वेगळी होती. अशी ती आमच्या घरात माझ्यासमोर कधी झोपली नव्हती.

सिस्टर जाग्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि खालचा ओठ दातांत धरलेला होता. एका हाताने त्यांनी खाटेची पट्टी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. पाय त्यांनी तसूभरही हलवले नव्हते.

मी पुढे झालो. उषाला उठवायला, की तिचं डोकं उचलायला, मला सांगता येणार नाही. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट दाराकडे केलं.

बाहेर येऊन मी ऑटोवाल्याला म्हणालो, "तू जा."

"काका, चारची गाडी हाय ना तुमची? निघून जाईन."

"जाऊ दे," मी म्हणालो, आणि आवाज होऊ नये म्हणून त्याचा ऑटो कोपऱ्यापर्यंत ढकलू लागलो.